‘रीड’ म्हणजे नेहमीच ‘वाचणे’ नव्हे

एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करणाऱ्या नवोदित अनुवादिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच प्रकरणात तिला ‘रीड’ हे क्रियापद चार वेळा भेटले. पहिल्यांदा दारावरची पाटी ‘रीड’ करते, मग एक वकील केंब्रिजमध्ये कायदा ‘रीड’ करून आलेला असतो, पुढे वायरलेसवरचा शिपाई ‘डू यू रीड मी’ असे विचारतो आणि प्रकरणाच्या शेवटी नायक नायिकेचे मौन ‘रीड’ करतो. चारही ठिकाणी ‘वाचणे’ लिहून पाहिले तर मराठी हास्यास्पद होते. तेव्हा या शब्दाला इतके अर्थ आले कुठून आणि मराठी शब्द निवडण्याची काही रीत आहे का, असे तिने विचारले आहे.

कायदेविषयक आणि तांत्रिक मजकुराच्या अनुवादात माझी बरीच वर्षे गेली आहेत. या शब्दाने मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझ्या मते या गोंधळाचे मूळ शब्दकोशातल्या अर्थांच्या संख्येत नाही. इंग्रजीतले ‘रीड’ आणि मराठीतले ‘वाचणे’ हे दोन शब्द अगदी वेगवेगळ्या जागांवरून निघाले आणि पुस्तकाच्या पानावर येऊन भेटले, एवढाच त्यांचा संबंध आहे. पानावर ते एकमेकांचे काम चोख करतात, पण पान सोडले की प्रत्येक जण आपापल्या वाटेला लागतो.

जुन्या इंग्रजीत ‘रॅडन’ या क्रियापदाचा अर्थ सल्ला देणे, मसलत करणे, अंदाज बांधणे, कोडे उलगडणे असा होता. जर्मन भाषेत त्याचा सख्खा भाऊ ‘राटेन’ आजही सल्ला देणे आणि तर्क करणे याच अर्थांनी वावरतो. इंग्रजीत कोड्याला ‘रिडल’ म्हणतात, तो शब्दही याच घराण्यातला आहे. इंग्लंडचा राजा दुसरा एथेलरेड ९७८ मध्ये गादीवर आला आणि मधला थोडा काळ वगळता १०१६ पर्यंत राज्यावर होता. त्याच्या नावाचा अर्थ ‘उदात्त सल्ला’ असा, आणि लोकांनी त्याला चिकटवलेले बिरूद होते ‘अनरॅड’, म्हणजे ज्याला धड सल्ला नाही असा. ‘रॅड’चा जुना अर्थ विस्मरणात गेल्यावर त्याच बिरुदाचे ‘अनरेडी’ झाले, आणि वाईट सल्ल्याचा धनी असलेला राजा इतिहासात ‘तयारी नसलेला’ म्हणून कायमचा बसला. अभ्यासक या धातूचे नाते संस्कृतातल्या ‘राध्’शी जोडतात. म्हणजे आपली ‘आराधना’ आणि त्यांचे ‘रीडिंग’ दूरच्या भाऊबंदकीतले निघतात, पण अनुवाद करताना या नात्याचा काडीचा उपयोग नाही, म्हणून ते इथेच सोडतो.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जर्मन, डच, स्वीडिश या भाषांनी लिखित मजकुरासाठी ‘गोळा करणे, वेचणे’ या अर्थाचा धातू घेतला. लॅटिनमध्येही ‘लेगेरे’ म्हणजे आधी वेचणे आणि मग वाचणे. इंग्रजीने मात्र कोडे सोडवण्याचाच शब्द अक्षरांना लावला, कारण कोरलेली चिन्हे बघून त्यांतून अर्थ काढणे हे अडाणी माणसाच्या दृष्टीने एक कोडेच होते. त्यामुळे इंग्रजीत ‘खुणांवरून अर्थ ओळखणे’ हा अर्थ आधीचा आणि ‘पुस्तक वाचणे’ हा नंतरचा आहे. चेहरा, आकाश, हातावरच्या रेषा, समोरच्याची चाल यांना इंग्रज माणूस जेव्हा ‘रीड’ लावतो, तेव्हा तो पुस्तकाची उपमा देत असेलच असे नाही. बहुतेक वेळा त्या क्रियापदाची मूळ वृत्तीच बोलत असते.

आता आपल्याकडे पाहा. ‘वाचणे’ हे संस्कृतातल्या ‘वच्’ म्हणजे बोलणे या धातूच्या प्रयोजक रूपावरून आले. ‘वाचयति’ म्हणजे बोलायला लावतो. हा मूळ अर्थ मराठी घरांत अजूनही जिवंत आहे. लग्नामुंजीत ‘पुण्याहवाचन’ होते, तेव्हा कोणी पुस्तक उघडून बसलेले नसते. ‘हा दिवस पुण्यकारक असो’ असे ब्राह्मणांकडून वदवून घेणे म्हणजे पुण्याहवाचन. मूक अक्षरांना आवाज देणे हा आपल्या वाचनाचा गाभा आहे, आणि पोथी वाचणारा एक व ऐकणारे वीस ही आपल्याकडची कित्येक शतकांची रीत होती. म्हणूनच इंग्रज ज्याला ‘वेल-रेड’ म्हणतो, त्याला आपण ‘बहुश्रुत’ म्हणतो, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो.

यावरून एक कसोटी हाती येते, आणि ती मी स्वतः रोज वापरतो. ‘रीड’ समोर आला की आधी विचारायचे, समोर खरोखर अक्षरे आहेत का, आणि असतील तर त्यांना आवाज देणारा किंवा डोळ्यांखालून घालणारा माणूस वाक्यात कर्ता आहे का? दोन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर ‘वाचणे’ निर्धास्तपणे लिहावे. एक जरी ‘नाही’ आले तरी लेखणी थांबवावी, कारण मराठीत तिथे बहुधा बघणे, ओळखणे, लावणे, धरणे, घेणे किंवा दाखवणे यांपैकी एखादे क्रियापद आधीपासून जागा अडवून बसलेले असते.

तुमची पाटी या कसोटीवर लगेच नापास होते. ‘द साइन रीड्स’ या रचनेत अक्षरे आहेत, पण कर्ता पाटीच आहे. इंग्रजीत पाटी ‘वाचते’, मराठीत पाटीवर ‘लिहिलेले असते’. ‘दारावर “आत येऊ नये” अशी पाटी होती’ एवढे म्हटले की क्रियापदाचा प्रश्नच मिटतो. यंत्रांचेही तेच. मी तोंडघशी पडलो तो प्रसंग याच जातीचा होता. ताप मोजण्याच्या उपकरणाच्या माहितीपत्रकात, बॅटरी उतरली असता उपकरण ‘रीड्स हाय’, असे वाक्य होते. घाईत मी ‘उपकरण जास्त वाचते’ असे लिहून दिले आणि ते तसेच छापले गेले. तापमापक काही वाचत नाही, तो आकडा दाखवतो, आणि इथे तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, एवढे सांगायचे होते. विजेच्या मीटरबाबत मात्र लोकांनीच निवाडा करून टाकला आहे. ‘मीटर बघायला माणूस आला होता’ किंवा ‘रीडिंग घेऊन गेला’ असेच सगळे बोलतात. तिथे ‘मीटरवाचन’ असा शब्द बिलावर शोभतो, संवादात शोभत नाही. त्याचप्रमाणे ‘कार्ड रीड होत नाहीये’ हे दुकानदाराचे वाक्य कादंबरीत जसेच्या तसे ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे शुद्ध मराठी करायला गेलात तर तो दुकानदार मराठी राहणार नाही.

सगळ्यांत अधिक काळजी घ्यावी लागते ती कायद्याच्या आणि सरकारी भाषेत, कारण तिथे मराठीने ‘वाचणे’ मुद्दाम स्वीकारले आहे आणि कसोटी लावून ते काढायला गेलात तर चूक होईल. महाराष्ट्रातला जुना शासन निर्णय हातात घेतला तर वरच्या बाजूला ‘वाचा’ असे लिहून खाली आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि दिनांक दिलेले दिसतात. ती इंग्रजी आमदानीतल्या ‘रीड’ची सही सही नक्कल आहे. हा निर्णय त्या कागदांच्या संगतीत समजून घ्यावा, असा तिचा अर्थ. शुद्धिपत्रकात ‘पाच ऐवजी पंधरा असे वाचावे’ असते, तिथे वाचणे म्हणजे ‘असे आहे असे समजणे’. मात्र ‘रीड विथ’चे, म्हणजे एक कलम दुसऱ्याला जोडून वाचण्याचे, मराठी पोलिसांच्या कागदांत ‘सह’ या एका अक्षरजोडीने उरकलेले असते, आणि मला ते फार आवडते. २०२४ पर्यंत, भारतीय दंड संहिता लागू होती तोवर, पोलीस ठाण्यात ‘कलम ३०२ सह ३४’ असे लिहिले की काम भागत असे, त्याचे ‘सहवाचन’ करायची गरज कोणाला वाटली नाही. पोलिसांच्या जबाबाच्या शेवटी येणारे ‘माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ हे वाक्य तर अनुवादकाने पाठच करावे. ‘रीड ओव्हर’ या इंग्रजी जोडशब्दाला ‘वाचून दाखवणे’ इतका नेमका प्रतिशब्द दुसरा नाही, आणि त्यात ऐकणारा माणूसही गृहीत धरलेला आहे.

न्यायालयीन निकालांत ‘रीड डाउन’ आणि ‘रीड इन्टू’ असे दोन प्रयोग येतात, आणि वृत्तपत्रांच्या अनुवादांत ते हमखास घसरतात. एखाद्या कलमाचा व्यापक अर्थ घेतला तर ते घटनाबाह्य ठरेल, म्हणून न्यायालय त्याचा अर्थ मर्यादित करते, त्याला ‘रीड डाउन’ म्हणतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ बाबत, प्रौढांमधले परस्परसंमतीचे लैंगिक संबंध या कलमाखाली गुन्हा ठरणार नाहीत, एवढ्यापुरता निकाल दिला. कलमाचा उरलेला भाग तेव्हा कायम राहिला, म्हणून ‘कलम रद्द केले’ हे वाक्य चुकीचे होते आणि ‘कलमाची व्याप्ती मर्यादित केली’ हे बरोबर. उलट बाजूने, शब्दांत स्पष्टपणे नसलेली गोष्ट तरतुदीत अंतर्भूत आहे असे मानणे म्हणजे ‘रीड इन्टू’. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणाचा हक्क अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे सांगितले. न्यायालय करते तेव्हा ‘अंतर्भूत मानणे’ आणि शेजारी करतो तेव्हा ‘नसता अर्थ काढणे’, इंग्रजीत मात्र दोघेही ‘रीड इन्टू’च करतात. वाक्यातल्या कर्त्याची प्रतिष्ठा पाहून मराठी शब्द बदलावा लागतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

विधेयकाची ‘रीडिंग्ज’ हा एक वेगळा अवशेष. छापील प्रती सर्रास मिळत नव्हत्या तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटमध्ये कारकून विधेयक मोठ्याने वाचत असे. आता आपल्या संसदेत पहिले वाचन म्हणजे विधेयक मांडणे, दुसरे म्हणजे त्यावर चर्चा आणि खंडशः विचार, आणि तिसरे म्हणजे ते संमत करण्याचा प्रस्ताव. कोणी काही वाचत नाही, तरी ‘वाचन’ हा शब्द रूढ आहे आणि तो तसाच ठेवावा. ‘टू रीड द रायट अ‍ॅक्ट’चीही कुळकथा अशीच आहे. ऑगस्ट १७१५ पासून ब्रिटनमध्ये लागू झालेल्या त्या कायद्यानुसार बारा किंवा अधिक माणसांच्या बेकायदा जमावासमोर अधिकाऱ्याने ठराविक घोषणा मोठ्याने वाचायची, आणि त्यानंतर तासाभरात जमाव पांगला नाही तर शिक्षा थेट मृत्युदंडाची असे. आज आई मुलाला ‘रायट अ‍ॅक्ट’ वाचून दाखवते, तेव्हा मराठीत ती त्याची ‘चांगली कानउघाडणी करते’. संस्थेच्या सभेत ‘टेकन अ‍ॅज रेड’ आले तर गृहनिर्माण संस्थांच्या विषयपत्रिकेतला पहिला विषय आठवावा, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. न वाचताच कायम करायचे असेल तर ‘वाचले असे समजून कायम करण्यात आले’.

तुमच्या वकिलाचे उत्तर सोपे आहे. ब्रिटिश वापरात विद्यापीठात एखादा विषय ‘रीड’ करणे म्हणजे त्या विषयाची पदवी घेणे. जवाहरलाल नेहरू केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात निसर्गविज्ञान ‘रीड’ करत होते, याचा अर्थ ते त्या विषयाचे विद्यार्थी होते. त्यांनी त्या विषयावरची पुस्तके चाळली असा अर्थ होत नाही. म्हणून ‘तो केंब्रिजला कायदा शिकून आला होता’ असे लिहा. याच घरातला ‘रीडर’ हा विद्यापीठीय हुद्दा मराठीत ‘प्रपाठक’ होता. २०१० च्या सुमारास ते पद ‘सहयोगी प्राध्यापक’ झाले. पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात मात्र ‘रीडर’चे भाषांतर ‘वाचक’ झाले आहे, आणि ‘वाचक शाखा’ हे नाव पाहून तिथे ग्रंथालय असावे असा समज करून घेतलेले एक सुशिक्षित गृहस्थ मला माहीत आहेत.

संशोधनपर लेखनात ‘रीडिंग’ या नामाला आणखी एक अर्थ आहे, आणि तिथे मराठीकडे इंग्रजीहून जुना आणि नेमका शब्द आहे. हस्तलिखितांत एकाच ओळीची वेगवेगळी रूपे आढळतात, त्यांतल्या प्रत्येकाला इंग्रजीत ‘रीडिंग’ म्हणतात आणि आपण ‘पाठ’ म्हणतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती बाराशेहून अधिक हस्तलिखितांतले पाठभेद ताडून. त्याही आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेही पाठ ठरवण्याचेच काम होते. ‘व्हेरिअन्ट रीडिंग’चे ‘पर्यायी वाचन’ असे भाषांतर मी छापील पुस्तकात पाहिले आहे. ज्या भाषेत ‘पाठभेद’ आहे त्या भाषेत ते करावेसे वाटणे ही आळसाची कमाल आहे.

आता माणसे, प्रसंग आणि हवा यांच्याकडे वळू. इथे लिखाण नसते, म्हणून कसोटीप्रमाणे ‘वाचणे’ बाद व्हायला हवे, आणि पुष्कळदा ते होतेही. हस्तरेषातज्ज्ञ हात ‘बघतो’, वैद्य नाडी ‘बघतो’, डॉक्टर एक्स-रे ‘बघतात’. दुसऱ्याच्या मनातले ओळखणाऱ्याला ‘मनकवडा’ म्हणतात. ‘माइंड-रीडर’साठी याहून सुंदर शब्द कुठून आणणार? ‘रीडिंग द रूम’ या सध्या फार चाललेल्या प्रयोगाला ‘रागरंग ओळखणे’ असा ठसठशीत पर्याय आहे, तरी अनुवादांत ‘खोली वाचणे’ दिसते, आणि ते वाचून खोली कुठल्या आगीतून वाचली असा प्रश्न पडतो. क्रिकेटमध्ये फलंदाज गुगली ‘ओळखतो’ आणि कर्णधार खेळपट्टीचा ‘अंदाज घेतो’. फलंदाजाने फिरकी गोलंदाजाला मनगटावरून ओळखले की टप्पा पडल्यावर, हा भेद मराठी समालोचनात ‘हातातून ओळखला’ आणि ‘खेळपट्टीवरून खेळला’ अशा शब्दांत बरोबर उतरतो.

मी याबाबत कडवा नाही. ‘नकाशावाचन’ शाळेच्या पुस्तकांतून रुळले आहे आणि ‘चेहरा वाचणे’, ‘माणसे वाचणे’ हे प्रयोग आता मराठी लेखकांच्याही हातून सहज उतरतात. ते हद्दपार करण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र ‘बिटवीन द लाइन्स’चे ‘दोन ओळींमधले वाचणे’ लिहिण्यापूर्वी ‘न बोललेले ओळखले’ किंवा ‘त्यातली खोच त्याच्या लक्षात आली’ यांपैकी काही बसते का, ते पाहावे.

वायरलेसवरचे ‘डू यू रीड मी’ हे तारयंत्राच्या काळातले आहे. सुरुवातीला मोर्सच्या खुणा कागदी फितीवर उमटत आणि तारमास्तर त्या वाचत असत. सरावलेले तारमास्तर लवकरच फितीकडे न बघता नुसत्या टिकटिकीवरून संदेश लिहून घेऊ लागले, तरी क्रियापद ‘रीड’च राहिले, आणि आवाजाचा रेडिओ आल्यावरही ते हटले नाही. मराठीत शिपायाने ‘माझा आवाज येतोय का?’ असे विचारावे.

भूतकाळाबद्दलही सावध करतो. इंग्रजीत वर्तमानकाळी ‘रीड’ आणि भूतकाळी ‘रेड’ यांचे लेखन एकच असल्याने ‘दे रीड द लेटर’ हे सुटे वाक्य कोणत्या काळातले आहे, हे आजूबाजूची वाक्ये पाहिल्याशिवाय कळत नाही. मराठीत गोंधळ निराळा आहे. ‘वाचणे’ म्हणजे जगणे, बचावणे हा दुसराच शब्द आहे, आणि जुन्या लेखनात तो ‘वांचणे’ असा अनुस्वाराने वेगळा दाखवला जाई. १९६२ च्या लेखननियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकल्यापासून दोघे दिसायला सारखे झाले. ‘तिने कादंबरी वाचली’ यात घोटाळा नाही, पण ‘एवढ्या आगीत एकच कादंबरी वाचली’ हे वाक्य तुमच्या अनुवादात आले तर वाचक क्षणभर अडखळेल. ‘तिच्यावाचून’ यातल्या ‘वाचून’चा तर या दोघांशीही अर्थाने संबंध नाही. असे शब्द एका परिच्छेदात जमू नयेत, एवढे पाहावे.

राहिले तुमच्या नायिकेचे मौन. ‘ही रेड हर सायलेन्स अ‍ॅज कन्सेन्ट’ असे मूळ वाक्य तुम्ही दिले आहे. ‘तिच्या मौनाचा त्याने होकार असा अर्थ लावला’ हे निर्दोष आहे आणि निबंधात मी तेच लिहिले असते. पण तुम्ही सांगितल्याप्रमाणे तो उतावीळ आहे आणि ती उंबऱ्यात उभी आहे. अर्थ ‘लावायला’ थोडा वेळ आणि थोडा विचार लागतो, आणि या माणसाने दोन्ही केलेले नाही. ‘ती गप्प राहिली, तो त्याने होकार धरला.’ इथे ‘धरणे’ लिहा. त्यात घाई आहे, त्याची सोय आहे, आणि पुढच्या प्रकरणात त्याची चूक उघड होणार आहे, तिचीही चाहूल आहे.